नवऱ्याच्या नावाचा रकाना

हर्षदाला त्या प्रोग्रामचं इतकं कौतुक होतं, की शनिवारी दौंडला घरी गेली तरी जेवताना ती आईला तेच सांगत बसे. आई बिचारी "हो का, बरं झालं" म्हणायची आणि पानात आणखी एक पोळी वाढायची. आईला तरी काय कळणार, की आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'नाव' एवढा एक शब्द उमटवायचा म्हटलं, तरी कितवी ओळ, कितवं घर हे आकडे मोजून मोजून लिहावे लागत. एक आकडा चुकला, की 'वय' जाऊन 'पत्त्या'च्या उरावर बसे. आता ती कटकट संपली होती. स्क्रीन पेंटर नावाचा हा नवा प्रोग्राम उघडला, की समोर कोरा काळा पडदा यायचा. बाणांच्या बटणांनी त्यावर फिरायचं, हवा तिथं शब्द टाकायचा, त्यापुढं रकाना आखायचा, भोवती दुहेरी रेघांची चौकट ओढायची. मनासारखं झालं की एक बटण दाबायचं. मग पेंटर स्वतःच त्या सगळ्याचा प्रोग्राम लिहून द्यायचा, पानंच्या पानं आणि बिनचूक.

सत्त्याण्णव साल होतं. शिरूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नुकतंच एक मशीन आणि त्याला जोडलेले पडदा-बटणांचे तीन टर्मिनल आले होते, त्यांवर मराठी अक्षरं दाखवणारी कार्डं बसवली होती, आणि हे सगळं सांभाळायला हर्षदाला ठेवली होती. आठवडाभर ती शिरूरला मावशीकडं राहायची. चोविसाव्या वर्षी सगळा दवाखाना आपल्याला 'कॉम्प्युटर मॅडम' म्हणतो, याचा तिला थोडा माज होता, आणि तो असायला काही हरकतही नव्हती.

पेशंटच्या नोंदणीचा पडदा तिनं दोन दिवस खपून केला. मधोमध चौकट, वरती दवाखान्याचं नाव, खाली एकाखाली एक रकाने. प्रत्येक रकान्यावर जाऊन एक बटण दाबलं, की कोपऱ्यात छोटी खिडकी उघडायची आणि पेंटर इंग्रजीत तीन प्रश्न विचारायचा. किती अक्षरं मावायला हवीत? अक्षरं की आकडे? आणि शेवटचा, हा रकाना रिकामा ठेवला तर चालेल का? 'नाही' म्हटलं, तर तो रकाना भरल्याशिवाय पडदा पुढं सरकतच नसे. नुसता 'बीप' करून खाली एक ओळ दाखवायचा : हा रकाना भरणे आवश्यक आहे.

ट्रस्टचे सेक्रेटरी विश्वजीतराव पडदा बघायला आले. घरची मोठी बागायत, अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि तोंडात 'कंपल्सरी' हा शब्द. मागच्या वर्षीच्या मोतीबिंदूच्या शिबिरात एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या दोन ताईबाई आल्या होत्या. एकीचे थेंब दुसरीच्या डोळ्यांत गेले. नशीब, बाईला काही झालं नाही, पण विश्वजीतरावांनी तेव्हापासून त्या गोष्टीची धास्तीच घेतली होती.

"बाईमाणूस असेल तर नवऱ्याचं नाव कंपल्सरी," ते म्हणाले. "नवऱ्याच्या नावाशिवाय केसपेपर निघता कामा नये. होतं का तसं?"

"एका मिनिटात होतं," हर्षदा म्हणाली, आणि बायकांसाठीच्या पडद्यावर त्या रकान्याचं बटण दाबून तिनं पेंटरला 'नाही' सांगून टाकलं. वर आणखी शहाणपणा म्हणून, रकान्यात नुसतं टिंब किंवा रेघ चालणार नाही, अक्षरंच हवीत, असंही त्याला बजावलं.

तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं तर दिसायला हवं होतं. तिच्या स्वतःच्या आईनं तिच्या बापाला उभ्या संसारात 'अहो' आणि 'हर्षदाचे पप्पा' यापलीकडं कधी हाक मारली नव्हती. पण पडद्यासमोर बसलं की माणसाला आई आठवत नाही, रकाने दिसतात.

शिबिर जानेवारीत होतं. सकाळी सकाळी अंगणात टेंपो आणि जीपगाड्या येऊन थांबल्या. वडगाव रासाई, न्हावरा, भीमाकाठच्या वाड्यावस्त्या, कुठून कुठून माणसं आली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी नियम आधीच सांगून ठेवला होता. आज तपासणी, उद्या ऑपरेशन. चार वाजेपर्यंत ज्यांचे कागद पुरे होतील त्यांना दाखल करून घेऊ, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी यावं. त्यांनाही दुसऱ्या गावी शिबिरं होती.

हर्षदा फाटकातून आत येत होती तेव्हा तिच्यापुढं एक म्हातारा चालला होता. खांद्यावर काळी घोंगडी, डोक्याला लाल मुंडासं. त्यानं हातातली काठी मागं धरली होती आणि काठीचं दुसरं टोक एका म्हातारीच्या हातात होतं. तो वळला की ती वळायची, तो थांबला की ती थांबायची. हे हौशीराम शेंडगे आणि ती त्यांची बायको रतनबाई, वडगावच्या पुढच्या एका वस्तीवरची. मेंढरं विकून त्यांना बरीच वर्षं झाली होती, आता चार एकर रान होतं, पण चालण्यातली मेंढरामागची ढब गेली नव्हती.

दारावरचा शिपाई हौशीरामांना म्हणाला, "बाबा, तुमी भाईर लिंबाखाली बसा. आत फकस्त पेशंट." हाही विश्वजीतरावांचाच हुकूम होता, आत जागा कमी म्हणून. मग हर्षदानंच रतनबाईचा हात धरला आणि तिला रांगेत आणून उभी केली.

"आजी, कधीपासनं दिसत नाही?" तिनं विचारलं.

"दिसतंय की," रतनबाई म्हणाली. "उजेड दिसतो, अंधार दिसतो. मधलं तेवढं दिसत न्हाई." मग तिनं उजवा हात पुढं केला. मनगटापाशी भाजल्याचे दोन डाग होते. "चुलीत हात जातो बघ. आता सून चुलीपाशी बसूच देत न्हाई. म्हंती, तुमी बसून खावा. बसून खायाला म्या काय पाव्हनी हाय व्हय?"

हर्षदानं म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला, "उद्या होईल ऑपरेशन, मग बसा चुलीपाशी," असं म्हणाली आणि मशीनच्या खोलीत गेली. तिथं प्रिंटरचा कागद अडकला होता.

बायकांच्या नोंदणीच्या खिडकीवर चांगदेव होता. पन्नाशीतला, गोल तोंडाचा, सगळ्या तालुक्याला ओळखणारा कारकून. वीस वर्षं त्यानं याच खिडकीवर हातानं केसपेपर लिहिले होते. वहीत एखादी जागा कोरी सोडली म्हणून वही कधी बोंबलत नव्हती. कॉम्प्युटरचं तसं नव्हतं.

पहिली बाई आली. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं.

"मालकाचं नाव?"

बाईनं पदर तोंडाशी नेला आणि जमिनीकडं बघायला लागली.

"बाई, मालकाचं नाव सांगा."

"अगं बया! त्यांचं नाव कसं घिऊ?"

चांगदेवनं रकाना तसाच सोडून पुढं जायचा प्रयत्न केला. बीप. पुन्हा केला. बीप. मागच्या बाईला विचारावं, तर मागं उभी होती तिचीच धाकटी जाऊ. थोरल्या दिराचं नाव ती तरी कुठं घेणार? तिच्या मागची दुसऱ्या गावची. नाव सांगू शकणारा गडी बाहेर लिंबाखाली तंबाखू मळत बसलेला, आणि त्याला आत यायला बंदी. चांगदेवनं टिंब दाबून पाहिलं. बीप. रेघ दाबून पाहिली. बीप. रांग दारापर्यंत गेली, तिथून व्हरांड्यात गेली, आणि कॉम्प्युटर एखाद्या हट्टी पोरासारखा एकच गोष्ट मागत राहिला.

आतल्या खोलीत हर्षदाला ते बीप ऐकू येत होते. कागद ओढता ओढता ती वैतागली, याला अजून बटणं सापडत नाहीत वाटतं. उठून बघावं असं तिच्या मनातही आलं. पण थोड्याच वेळात बीप थांबले आणि प्रिंटरवर केसपेपर धडाधड उतरायला लागले. हर्षदाचा जीव भांड्यात पडला. जमलं चांगदेवकाकांना, तिला वाटलं. अक्षर स्वच्छ, चौकट सरळ, एकही रकाना रिकामा नाही. ती कागद बघून स्वतःवरच खूश झाली. वाचला मात्र तिनं एकही नाही.

झालं होतं असं. टायपिंग शिकवताना हर्षदानंच चांगदेवला पहिल्यांदा स्वतःचं नाव टाइप करायला शिकवलं होतं. आठवडाभर त्यानं तेच गिरवलं होतं. सगळ्या बटणांत तेवढं एक नाव त्याच्या बोटांना न बघता यायचं. एक बाई खिडकीपाशी रडकुंडीला आली तेव्हा त्यानं विचार केला, आता पुढं तर जाऊ, संध्याकाळी बसून दुरुस्त करू. आणि नवऱ्याच्या रकान्यात त्यानं 'चांगदेव' घातलं. पडदा मुकाट्यानं पुढं सरकला. मग पुढचीलाही तेच, आणि तिच्या पुढचीलाही तेच. गड्याच्या मनात पाप नव्हतं, घाई होती.

दुपारी तपासण्या संपत आल्या आणि अनुपमा सिस्टर कागदांचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज असा, की त्या वॉर्डात बोलल्या तरी स्टँडवर ऐकू जावं. त्यांनी नावं पुकारायला सुरुवात केली.

"सोजराबाई चांगदेव कोकरे!"

लिंबाखाली कुणी लक्ष दिलं नाही.

"ताईबाई चांगदेव थोरात!"

एकानं तंबाखू मळायची थांबवली.

"रतनबाई चांगदेव शेंडगे!"

"आमच्या भावकीत चांगदेव कोन?" हौशीराम म्हणाले. "आमच्यात चांगदेव न्हाईच."

"सखुबाई चांगदेव बरकडे! गजराबाई चांगदेव ढमढेरे!"

आता काही तरणी माणसं हसायला लागली. "आरं, ह्यो चांगदेव हाय तरी कोन? समद्या तालुक्यात सोयरीक केलीया!" मग दारावरच्या शिपायानं, त्याला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, हसत हसत सांगून टाकलं, "आवो, खिडकीवरचं आमचं कारकून, चांगदेव!"

हसू जागच्या जागी थांबलं. माणसं उठली, धोतरं झटकली गेली, आणि सगळा लिंब रिकामा होऊन व्हरांड्याच्या पायऱ्यांवर आला. पुढं हौशीराम.

"कुठं हाय त्यो?" त्यांनी काठी आपटली. "आख्खी हयात मेंढरं राखली म्या. माजं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात कवा गेलं न्हाई. आन् तुमी माजी बायकू दुसऱ्याच्या नावावर केली?"

चांगदेव उठला तो थेट एक्स-रेच्या खोलीत गेला आणि त्यानं आतून कडी लावली. "घरी नकुशीला कळलं तर मला भाकर मिळायची न्हाई," एवढंच तो दाराआडून सांगत होता. नकुशी म्हणजे त्याची खरी बायको, तिची आणि या यादीची काही गाठ नव्हती.

हौशीराम दालनात आले. बाकावर बायका ओळीनं बसल्या होत्या. "ऊठ गं," ते म्हणाले. "चल घरी. न्हाई करायचं आपल्याला डोळं."

रतनबाई हातानं बाकाची कड चाचपत उठली. तिचा तो भाजलेला हात कडेवरून लवकर सुटेना. तिच्यामागं दुसऱ्या बायकाही आपापली गाठोडी शोधायला लागल्या.

हर्षदा दारात उभी होती आणि आता तिला सगळं कळलं होतं. टेबलावर पडलेले कागद तिनं एकामागून एक वाचले होते. चांगदेवचा राग तिला आला नाही. राग आला तो त्या छोट्या खिडकीतल्या शेवटच्या प्रश्नाला आपण दिलेल्या उत्तराचा. म्हातारी परत चुलीत हात घालायला निघाली होती, आणि कशासाठी, तर एका रकान्यासाठी!

विश्वजीतराव तरातरा आले. "मॅडम, ते डबडं बंद करा! वही आणा, पहिल्यापासून लिहून काढा सगळं!"

"वहीत तरी नाव कोण सांगणार आहे?" हर्षदा म्हणाली. "बायका सांगणार नाहीत, आणि सांगणारे तुम्ही बाहेर बसवलेत. चूक काकांची नाही साहेब, पडदा माझा आहे. मला थोडा वेळ द्या आणि तोवर कुणाला जाऊ देऊ नका."

विश्वजीतरावांना असं कुणी सहसा बोलत नसे. तरीही ते वळले, शिपायाला चहा सांगितला आणि स्वतः दारात जाऊन माणसांना हात जोडायला लागले. राजकारणातला माणूस, हात जोडणं त्यांना चांगलं जमायचं.

हर्षदानं तिन्ही टर्मिनल बंद करायला लावले आणि पेंटर उघडला. तिचा पडदा समोर आला, सुबक, दुहेरी चौकटीचा. ती बाणांनी नवऱ्याच्या रकान्यावर गेली, बटण दाबलं, कोपऱ्यातली खिडकी उघडली. रिकामा ठेवला तर चालेल का? होय. चालेल. एवढं एकच उत्तर बदललं तरी बायका सुटत होत्या. पण मग दोन ताईबाईंचं काय? विश्वजीतरावांची धास्ती खोटी नव्हती. हर्षदा नखं चावत बसली. नाव तर हवंच होतं, फक्त ते त्या बाईच्या तोंडून नको होतं. मग तिनं आणखी एक ओळ टाकली, 'वस्ती'. आणि नवऱ्याचा रकाना उचलून अगदी तळाला नेला, त्याच्या पुढं कंसात लिहिलं, 'सोबत आलेल्यास विचारावे'.

प्रोग्राम तयार झाला. तिनं चालवून पाहिला. कर्सर नावावर उभा राहिला, नाव भरलं, आणि तिथून त्यानं थेट तळाला उडी मारली, मग परत वर येऊन आडनाव विचारलं.

"हे काय? हे उड्या काय मारतंय?" मागून विश्वजीतराव म्हणाले. त्यांच्या मागं अनुपमा सिस्टर, सिस्टरांच्या मागं शिपाई, सगळा दवाखाना तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

सगळं तर बरोबर होतं. रकाना तळाला दिसत होता, मग कर्सर त्याला दुसरा का धरत होता? तिनं डोळे मिटून घेतले. आणि मग तिला आठवलं. पेंटर रकाना कुठं आहे ते बघत नाही, तो कधी आखला ते बघतो. तिनं तो रकाना नुसता हलवला होता, पेंटरच्या हिशेबी तो अजून दुसराच होता. तिनं तो पार पुसून टाकला आणि तळाशी नव्यानं आखला. बटण दाबलं. पुन्हा चालवला.

नाव. आडनाव. वय. गाव. वस्ती. आणि सगळ्यात शेवटी, शांतपणे, नवरा. तो रिकामा सोडून तिनं एंटर दाबलं. बीप झाला नाही.

"झालं?" विश्वजीतराव.

"झालं," हर्षदा म्हणाली, आणि तिला एकदम इतकं हलकं वाटलं, की तिथंच टेबलावर डोकं टेकून दोन मिनिटं हसावं. पण अजून म्हातारा दारात होता.

ती पायऱ्यांवर आली. हौशीराम बायकोला घेऊन तिथवर पोचले होते, काठी मागं धरून.

"आबा, माझं ऐका," हर्षदा म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. फार मोठी चूक झाली, आणि ती माझी आहे. पण तुम्ही असेच निघून गेलात, तर मशीनमध्ये आजींच्या नावापुढं ते चांगदेव तसंच राहील. कायमचं."

हौशीराम थबकले. "आसं कसं ऱ्हाईल? खोडा की."

"खोडून तिथं काय घालू? तुमचं नाव मला कोण सांगणार? आजी सांगणार नाहीत. ते तुम्हालाच खिडकीवर येऊन सांगावं लागेल."

म्हाताऱ्यानं बायकोकडं पाहिलं, मग बाकीच्या गड्यांकडं पाहिलं. ज्या ताठ्यानं तो घरी निघाला होता, त्याच ताठ्यानं तो मागं फिरला. "चला," तो म्हणाला. "खोडूनच जातो."

तो फिरला म्हटल्यावर बाकीचेही फिरले. विश्वजीतरावांनी शिपायाला दारातून बाजूला केलं. अनुपमा सिस्टरनी रतनबाईला परत बाकावर बसवलं आणि तिच्या कानाशी लागून सांगितलं, "डॉक्टर म्हणालेत, मोतीबिंदू पिकलाय, उद्या घेतो. फक्त कागद नीट व्हायचाय." रतनबाईनं मान हलवली. एक्स-रेच्या खोलीची कडी निघाल्याचा आवाज झाला, पण चांगदेव काही बाहेर आला नाही. खिडकीवर हर्षदा स्वतः बसली.

"नाव?"

"हौशीराम बिरू शेंडगे!" म्हाताऱ्यानं असं सांगितलं, की अनुपमा सिस्टरनीही कौतुकानं वळून पाहिलं.

"आता आजींचं नाव सांगा. त्याशिवाय मशीनला त्यांचा कागद सापडणार नाही."

म्हाताऱ्यानं काठीनं बाकाकडं दाखवलं.

"आबा, आजींचं नाव."

"ती काय, तितं बसलीया."

"तिथं खूपजणी बसल्यात."

"ती... हिरव्या लुगड्याची."

"मशीनला लुगडं कळत नाही, आबा."

मागं उभ्या असलेल्या गड्यांनी हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. प्रत्येकजण मनातल्या मनात आपला नंबर मोजत होता. सोजराबाईचा नवरा उगीचच छताकडं बघायला लागला. बायकांच्या तोंडाला कुलूप होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, गड्यांच्याही तोंडाला तेवढंच मोठं कुलूप आहे हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. घरात 'अगं ए' म्हटलं की भागत होतं.

हर्षदाला नाव माहीत होतं. ते ती स्वतः टाइप करू शकली असती, सिस्टरनी पुकारल्यापासून त्या म्हातारीचं नाव तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. पण तिनं हात बटणांवर नुसते ठेवले आणि वाट पाहिली. तिला आता घाई नव्हती.

हौशीरामांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मुंडासं सारखं केलं. मग खिडकीच्या गजाला तोंड लावून, चोरून सांगावं तसं ते म्हणाले, "रतन."

बाकावरून म्हातारीचा आवाज आला.

"काय म्हनलं?"

हौशीराम मागं वळले. रतनबाईनं मान वर केली होती. तिला समोर उजेड दिसत असेल आणि त्यात एक अंधारा ठिपका, एवढंच. पण ती बरोबर त्यांच्याकडं बघत होती.

"सांगितलं की बाईला," ते पुटपुटले.

"मला न्हाई ऐकाया आलं."

"आता तुजं कान बी गेलं व्हय?"

"गेलं आसतील," रतनबाई म्हणाली. "पुन्यांदा सांगा."

म्हाताऱ्यानं आशेनं हर्षदाकडं पाहिलं. पडद्यावर शेंडग्यांचा कागद उघडलेला होता. तळाच्या रकान्यातला चांगदेव खोडून तिथं हौशीराम लिहूनही झालं होतं. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं. हर्षदानं हात मांडीवर घेतले.

"मलाही नीट ऐकू आलं नाही, आबा," ती म्हणाली.

मग हौशीराम शेंडग्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि रानातून पलीकडच्या टेकडीवर हाक घालावी तशी घातली.

"रतन!"

म्हातारीनं पदर सारखा केला आणि भाजलेला हात मांडीवर ठेवला.

"हां," ती म्हणाली. "आता लिवा, बाई."

हर्षदानं एंटर दाबलं.